इंजिन चालेना? सुरुवात टाकीपासून करा
(विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला डिझेल पोहोचत नसेल तर काय करावे, याविषयीचे भाषण)



आज आपण विहिरीवरच्या डिझेल इंजिनाविषयी माहिती घेणार आहोत. तुम्ही म्हणाल, आता इंजिन राहिलंय कुठं? विहिरीवर विजेची मोटार आली, कुणाच्या रानात सौर पंपही बसला. ही गोष्ट खरी आहे. एके काळी ज्याच्या आवाजानं शिवार जागं व्हायचं, ते पाच अश्वशक्तीचं इंजिन आज पुष्कळ ठिकाणी खोपटात गोणपाट पांघरून पडलेलं असतं. पण रोहित्र जळालं, तारा तुटल्या, किंवा ओढ्याकाठच्या तुकड्याला पाणी द्यायचं झालं, की पहिली आठवण त्याचीच होते. आणि नेमकं त्याच वेळी ते चालत नाही.

मागे एकदा शेवगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर जाण्याचा योग आला. मार्च महिना होता. दोन एकर उन्हाळ कांदा, कांदा पोसायला लागलेला. रोहित्र जळून पाच दिवस झाले होते. इंजिन बाहेर काढलेलं, आणि घरची तीन माणसं आळीपाळीनं हॅण्डल मारून घामाघूम झालेली.

"साहेब, कालपासून हॅण्डल मारतोय. हाताला फोड आले, पण एक ठोका पडत नाही," घरचे कर्ते म्हणाले.

"अण्णा, टाकी तपासली का?"

"टाकी काय तपासायची? डिझेल आहे की निम्मी टाकी."

"आहे ते डिझेलच आहे का, ते बघू."

टाकीच्या तळाचं बूच सोडून एका काचेच्या बाटलीत डिझेल घेतलं आणि बाटली घटकाभर सावलीत ठेवली. वर डिझेल, खाली दोन बोटं पाणी, आणि दोहोंच्या मध्ये काळपट बुळबुळीत साका. बिघाड सापडला होता. पण तोवर उशीर झाला होता. आदल्या दिवशी त्यांनी टाकीला हात न लावता डिझेलचा पंप खोलला होता. त्यातला दट्ट्या गोणपाटावर काढून ठेवलेला, त्याला माती लागलेली. तसाच तो परत बसवला. त्यावर ओरखडे पडले. पंप तालुक्याला न्यावा लागला, त्यात आणखी दोन दिवस गेले. अर्ध्या तासाच्या कामासाठी ऐन पोसण्याच्या वेळी कांद्याची पाळी दोन दिवस लांबली, आणि नव्या दट्ट्याचा खर्च अंगावर पडला तो वेगळाच.

म्हणून आजच्या भाषणाचं सार मी आधीच सांगून टाकतो. इंजिन चालत नसेल तर तपासणीची सुरुवात टाकीपासून करा, नोझलपासून नाही.

डिझेलची वाट कशी असते?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली या जातीचं चांगलं चालणारं इंजिन करून दाखवलं. पुढे आपल्याकडेही अशी इंजिनं होऊ लागली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. इंजिन कोणत्याही कंपनीचं असो, तत्त्व एकच. पेट्रोलच्या इंजिनासारखी यात ठिणगी नसते. दट्ट्या वर येतो, हवा दाबली जाते, दाबली की ती अतिशय तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला की ते आपोआप पेट घेतं. म्हणजे इंजिनाला दोनच गोष्टी लागतात: हवेचा पुरेसा दाब, आणि वेळेवर डिझेलचा फवारा.

दाब आहे की नाही हे हॅण्डल मारताना हाताला कळतं. डिकॉम्प्रेशनचा खटका खाली पाडल्यावर फ्लायव्हील जड होऊन मागे रेटा देत असेल, तर दाब ठीक आहे असं समजावं. मग उरतं ते डिझेल.

डिझेलची वाट अशी असते. टाकी, टाकीखालची चावी, फिल्टर, डिझेलचा पंप, तिथून जाड भिंतीची बारीक पोलादी नळी, आणि शेवटी नोझल. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल उतारानं, आपल्या वजनानं येतं. पाटाला पाणी यावं तसं. पंपाच्या पुढं मात्र ते प्रचंड दाबानं जातं. हा दाब साधारणपणे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या २०० पट असतो.

मिनिटाला १५०० फेरे घेणारं इंजिन मिनिटाला ७५० वेळा डिझेल मागतं. पाच अश्वशक्तीचं इंजिन पुऱ्या भारावर तासाला साधारण एक लिटर डिझेल खातं. हिशेब केला तर दर फवाऱ्याला एका बारक्या थेंबाएवढं डिझेल येतं. इतक्या थोड्या डिझेलच्या वाटेत जरा काही आडवं आलं की इंजिन थांबतं.

तीन वैरी: हवा, पाणी आणि कचरा

पहिला वैरी हवा. गुरांना टोचायची सिरिंज घ्या. तिच्यात पाणी भरा, तोंड बोटानं दाबून धरा आणि दांडा रेटा. रेटला जात नाही. आता रिकामी सिरिंज तशीच रेटा. दांडा आत जातो आणि सोडला की परत येतो. डिझेलच्या पंपाचं तसंच होतं. नळीत हवेचा बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो, नोझल उघडत नाही. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली, फिल्टर बदलला किंवा एखादा नट ढिला पडला, की हवा शिरते.

दुसरा वैरी पाणी. टाकी अर्धी रिकामी राहिली की वरच्या मोकळ्या जागेत हवा असते. हिवाळ्यात दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी. हवेतला ओलावा टाकीच्या पत्र्यावर आतून घाम धरतो आणि ते पाणी तळाशी साचतं. पाणी डिझेलपेक्षा जड. ज्या ठिकाणी डिझेल आणि पाणी एकमेकांना भेटतात तिथं सूक्ष्म जंतू वाढतात आणि तो काळपट साका होतो. पाण्यानं पंपाच्या आतल्या भागांना गंज चढतो.

तिसरा वैरी कचरा. कॅनची माती, टाकीचा गंज, ज्या फडक्यानं डिझेल गाळलं त्याचे तंतू. पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट माणसाच्या केसाच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाएवढी असते. तिथं धुळीचा कणही धोंड्यासारखा आहे.

पायरीपायरीनं तपासणी

आता इंजिन चालेना, तर काय करायचं? हाताशी दोन पाने, एक काचेची बाटली आणि स्वच्छ फडकं घ्या. आजूबाजूची धूळ पुसून काढा. बिडी-काडी लांब ठेवा. मग या क्रमानं चला.

पहिली पायरी. टाकीत डिझेल आहे का आणि चावी उघडी आहे का, ते पाहा. हसू नका, पुष्कळदा चावीच बंद असते.

दुसरी पायरी. तळाचं बूच किंवा चावीजवळचा नट सोडून बाटलीत डिझेल घ्या. बाटली स्थिर ठेवा. तळाला पाणी किंवा गाळ दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत खालचं काढून टाका. गाळ फार असेल तर टाकी उतरवून धुवा. काढलेलं डिझेल विहिरीच्या कडेला ओतू नका, ते पाझरून पाण्यात उतरतं.

तिसरी पायरी. टाकीचं झाकण पाहा. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते मातीनं किंवा कोळ्याच्या जाळ्यानं बुजलं तर टाकीत हवा शिरत नाही, आणि डिझेल खाली उतरत नाही. खूण अशी की इंजिन दहा-पंधरा मिनिटं चांगलं चालतं, मग मलूल होऊन बंद पडतं. झाकण उघडताना सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो आणि इंजिन परत चालतं. उपाय एका काडीचा: भोक मोकळं करा.

चौथी पायरी. फिल्टरकडून पंपाकडे जाणारी नळी पंपाजवळ सोडा आणि खाली बाटली धरा. चावी उघडल्यावर अखंड धार यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर वाट कुठंतरी तुंबली आहे. मग फिल्टरच्या अलीकडची नळी सोडून पाहा. तिथं धार चांगली असेल तर दोष फिल्टरचा. तिथंही नसेल तर दोष चावीचा, नळीचा किंवा टाकीतल्या गाळाचा. बांधावरून चालत जाऊन पाट कुठं फुटला ते आपण शोधतो, तसंच हे आहे.

पाचवी पायरी. फिल्टर. तो कापडाचा किंवा फेल्टचा असेल तर स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन घेता येतो. कागदाचा असेल तर धुऊ नका, झटकू नका. नवा घाला. फिल्टर काढून टाकून तसंच इंजिन चालवणं म्हणजे चाळणीवाचून पीठ दळल्यासारखं आहे. आज काम भागेल, उद्या पंप जाईल.

सहावी पायरी. पंपाची दांडी. इंजिन महिनोन् महिने पडून राहिलं की पंपाला डिझेल कमी-जास्त करायला लावणारी दांडी, म्हणजे रॅक, चिकटून बसते. ती बंदच्या जागी अडकली असेल तर तुम्ही दिवसभर हॅण्डल मारा, डिझेल पुढं जाणार नाही. बोटानं हळूच मागे-पुढे करून पाहा. अडकली असेल तर स्वच्छ डिझेलचे चार थेंब सोडा, थोडं थांबा आणि परत हलवा. हातोडी लावू नका. दांडी हातानं सहज सरकल्याशिवाय इंजिन सुरूही करू नका. ती चालूच्या जागी अडकली तर इंजिन बेफाम पळतं.

हवा कशी काढावी?

नळी सोडली, फिल्टर बदलला किंवा टाकी रिकामी झाली होती, तर हवा काढल्याशिवाय इंजिन चालणार नाही. त्याची रीत अशी.

टाकी किमान अर्धी भरा आणि चावी उघडा. फिल्टरच्या डोक्यावर हवा काढण्याचा स्क्रू असतो. तो दोन आटे सैल करा. आधी फेसाळ, बुडबुड्यांचं डिझेल येईल. बुडबुडे थांबून एकसारखी धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. नंतर पंपावरचा स्क्रू असाच सैल करा आणि असाच आवळा. आधी फिल्टर, मग पंप. हा क्रम उलटा करू नका.

आता नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळीचा नोझलजवळचा नट दीड-दोन आटे सैल करा. डिकॉम्प्रेशनचा खटका उचला, बंद करायची दांडी चालूच्या बाजूला ठेवा आणि हॅण्डल फिरवा. नटाजवळ आधी फेस येईल, मग नुसतं डिझेल उडेल. नट आवळा. परत हॅण्डल फिरवा आणि कान द्या. नोझलमधून 'कुर्र, कुर्र' असा आवाज येऊ लागला की समजा, फवारा उडतोय. आता वेग घ्या, खटका पाडा, इंजिन धरेल.

एक गोष्ट जिवाची आहे. नोझल बाहेर काढून फवारा पाहताना हात किंवा बोट कधीही पुढे धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत मांस सडतं आणि बोट गमावण्याची पाळी येते. असं झालंच तर हळद-तंबाखू लावत बसू नका. त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा, आणि डिझेल टोचलं आहे असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दुसरं, विहिरीत उतरवलेलं किंवा बंद खोलीतलं इंजिन चालवू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूनं माणूस बसल्या जागी जातो.

ट्रॅक्टरची आणि नावेची गोष्ट

काही जणांकडे ट्रॅक्टर असतो. त्याला वर सांगितलेलं सगळं लागू आहे, पण एक फरक ध्यानात घ्या. विहिरीवरच्या इंजिनाची टाकी वर असते. नळी कुठं सैल झाली तर डिझेल बाहेर ठिबकतं, डोळ्यांना दिसतं. ट्रॅक्टरमध्ये, तसंच रत्नागिरी-हर्णैच्या मच्छीमारांच्या नावेतही, टाकीतलं डिझेल पुष्कळदा छोट्या पंपानं ओढून घ्यावं लागतं. अशा ठिकाणी ओढणारी नळी सैल झाली तर चालू इंजिनात डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत, आणि इंजिन मात्र आचके देतं. तेव्हा गळत नाही म्हणजे नळी घट्ट आहे, असं ट्रॅक्टरच्या बाबतीत समजू नका. टाकीपासून छोट्या पंपापर्यंतचा प्रत्येक नट आणि वायसर तपासा.

नावेवरून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शांत पाण्यात चांगलं चालणारं इंजिन लाटा उसळल्या की बंद पडतं, कारण हेलकाव्यानं टाकीतला गाळ ढवळून वर येतो. आपल्याकडे समुद्र नाही, पण गाडीवाट आहे. गोदाकाठी किंवा प्रवरेवर नेण्यासाठी इंजिन बैलगाडीत वा ट्रॉलीत घातलं की हादऱ्यांनी तेच होतं. म्हणून इंजिन हलवण्याआधी टाकीचा तळ मोकळा करा, आणि जागेवर नेल्यावर थोडा वेळ स्थिर ठेवून मगच चालू करा. समुद्रात इंजिन बंद पडलं तर माणसाचा जीव टांगणीला लागतो. आपल्याकडे पीक टांगणीला लागतं, एवढाच फरक.

बिघाड होऊच नये म्हणून

डिझेल झाकणाच्या स्वच्छ कॅनमध्ये आणा आणि एक रात्र स्थिर ठेवा. ओतताना तळाचं चार बोटं डिझेल कॅनमध्येच राहू द्या. नरसाळ्याला बारीक तारेची जाळी बसवा, जुन्या धोतराचं फडकं नको. जस्ती पत्र्याच्या पिंपात डिझेल साठवू नका. जस्ताशी डिझेलचा संयोग होऊन चिकट मळी होते आणि ती फिल्टर तुंबवते.

काम संपलं की संध्याकाळी टाकी भरून ठेवा. मोकळी जागा राहिली नाही म्हणजे घाम धरायला वाव राहत नाही. इंजिन बंद करताना बंदची दांडीच वापरा. चावी बंद करून किंवा टाकी संपू देऊन इंजिन थांबवलं की नळीत हवा शिरते, आणि दुसऱ्या दिवशी हॅण्डल मारण्याची शिक्षा होते.

स्वस्त पडतं म्हणून डिझेलमध्ये घासलेट मिसळू नका. पंपाच्या दट्ट्याला वेगळं वंगण नसतं. त्याला डिझेलचाच ओलावा मिळतो. घासलेटात तो गुण कमी, त्यामुळे दट्ट्या झिजतो.

आणि पडून असलेल्या इंजिनासाठी सर्वांत महत्त्वाचं: पंधरा दिवसांतून एकदा ते दहा-पंधरा मिनिटं पाण्यावर चालवा. वीज असली तरी चालवा. सहा महिन्यांपेक्षा जुनं, काळसर पडलेलं, आंबूस वासाचं डिझेल काढून टाका. बैल चार महिने दावणीला बांधून ठेवला तर एकदम नांगराला चालत नाही. यंत्राचंही तसंच आहे.

मिस्त्रीला कधी बोलवावं?

टाकीपासून पंपापर्यंत सगळं स्वच्छ आहे, हवा काढली आहे, दांडी मोकळी आहे, आणि तरीही 'कुर्र' आवाज येत नाही, किंवा इंजिन चालून काळा धूर ओकतं, तर दोष नोझलचा किंवा पंपाचा असू शकतो. काळ्या धुराला एअर क्लीनर तुंबल्याचंही कारण असतं, तेव्हा आधी तो पाहा. नोझल आणि पंप मात्र बांधावर खोलू नका. ते तपासायला दाब मोजण्याचं यंत्र लागतं. दट्ट्या आणि त्याची नळी ही जोडी असते, एकाचा दट्ट्या दुसऱ्यात चालत नाही. जाणकार मिस्त्रीकडे द्या, आणि तुम्ही काय काय तपासलं तेही त्याला सांगा. त्याचा वेळ वाचतो आणि तुमचा पैसा.

थोडक्यात ध्यानात ठेवा:

१. आधी टाकी, मग झाकण, चावी, फिल्टर, पंप. नोझल सर्वांत शेवटी.
२. बाटलीत डिझेल घेऊन पाणी आहे का ते पाहा.
३. हवा काढताना आधी फिल्टर, मग पंप, मग नोझलचा नट.
४. फवाऱ्यासमोर हात धरू नका.
५. टाकी भरलेली ठेवा, पंधरवड्याला इंजिन चालवा.

शेवगावच्या त्या अण्णांनी आता टाकीच्या शेजारी खिळ्याला एक काचेची बाटली टांगून ठेवली आहे. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, आता हॅण्डल मारायच्या आधी बाटली भरतो." तुम्हीही तेवढंच करा. बाटलीला खर्च काही नाही, आणि पाण्याची पाळी चुकत नाही.